उपरण्याचा इशारा

१४ एप्रिल १९६१, शुक्रवार

पोलीस पाटलाला एक सरकारी वही असते. तिच्यात जन्म, मृत्यू, चोरी आणि गुरांचे रोग लिहायचे. ही दुसरी वही माझी स्वतःची, सरकारला सांगायची गरज नाही ते हिच्यात लिहितो. बत्तीस वर्षं लिहितोय. आता कंटाळा येतो, पण सवय सुटत नाही.

आज नंदुरबारच्या मोटारीनं दोन दिवसांची वर्तमानपत्रं एकदम आली. जवळचं छापील अक्षर मला दिसत नाही, स्वतःचं अक्षर मोठं काढतो म्हणून लिहिता तरी येतं. लांबचं मात्र अजून विशीतल्या पोरासारखं दिसतं. ओट्यावर बसून नदीपलीकडच्या खुर्द गावच्या शेळ्या मोजून दाखवतो आणि त्यांतली लंगडी कोणती तेही सांगतो. पेपर रमिला वाचते. मुलीला सातवीपर्यंत शिकवलं ते असं कामाला आलं. तिला सासरहून परत येऊन तीन वर्षं झाली. त्याबद्दल या वहीतही लिहायला मला आवडत नाही.

जेरुसलेमला एका जर्मन माणसावर खटला सुरू झालाय. त्याला काचेच्या खोलीत बसवून न्यायालयात आणतात. लाखो माणसं आगगाड्यांत कोंबून मरायला पाठवली, असा आरोप आहे. रमिलानं वाचता वाचता विचारलं, “आबा, त्याना वरना कोठे शेतस?” मी म्हणालो, सगळ्यात वरच्यानं जीव दिला, काही फाशी गेले, काही थोडी सजा भोगून सुटले आणि आता पेन्शन खात असतील.

संध्याकाळी चावडीवर हाच विषय निघाला. मी स्पष्ट बोललो की देशाचा पुढारी असो नाहीतर राजा असो, युद्धात अधर्म केला तर त्याला पिंजऱ्यात उभं केलंच पाहिजे. शिपाई काय, सांगितलं तिकडं बंदूक उडवतो. ज्यानं सांगितलं त्याला धरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटील बोलला की लोक माना डोलावतातच, त्यामुळं आपण बरोबर बोललो की चूक ते कधी कळत नाही.

सोमवारी आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. सरकारी कागदात नदीवरची दगडफेक दहा वर्षांपासून बंद आहे. दर वर्षी मी नदीवर जातो आणि येऊन ‘सण शांततेत पार पडला’ असं लिहितो. तशी ती शांततेतच होते म्हणा, कारण तिला नेम आहे. आमच्या बुद्रुकच्या बायका गौराई घेऊन या काठानं उतरतात, खुर्दच्या त्या काठानं. मधे कोरडी वाळू आणि पाण्याची एक धार. आधी गाण्यांतून शिव्या. त्या दिवशीची शिवी कुणी मनात धरायची नसते. गौराई पाण्यात सोडून दोन्हीकडच्या बायका वर चढल्या, आपापल्या चिंचेपलीकडं गेल्या, की थोरल्या गावाचा पाटील म्हणून मी खांद्यावरचं उपरणं काढून खाली झटकतो. खुर्दचा पाटील दिलवरसिंग त्यावर आपली काठी उचलतो. मग पुरुषांच्या गोफणी. उपरणं खाली येईपर्यंत कुणी दगडाला हात लावत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी असंच होतं. डोकी फुटली, पण मेलं कुणी नाही.

गुडघा दुखतो आहे. नदीचा उतार यंदा जड जाणार.

१७ एप्रिल, सोमवार, आखाजी

फार दमलो. ऊन असं की काठावर पाय ठरेना.

खुर्दच्या बायकांची गाणी यंदा मर्यादा सोडून होती. इशारा थोडा लवकर झाला. बायका पुरत्या वर गेल्या नव्हत्या, त्यात खुर्दच्या एकीला लागलं. फुलवंताबाईची मुलगी मंगला, रनाळ्याला दिलेली, आखाजीला माहेरी आली होती. कानशिलावर दगड बसला. बैलगाडीत घालून नंदुरबारला नेली.

गोफण आमशाची होती असं म्हणतात. आमशा हा माझा सालदार, सात वर्षं माझ्याकडं आहे. पण सालदाराचं साल आखाजीला संपतं. जुनं साल काल संपलं, नवं उद्या सुरू होईल. आजच्या दिवशी तो कुणाचाच गडी नाही. हे कुणी विचारलं तर सांगता येईल.

सरकारी वहीत लिहिलं: सण शांततेत पार पडला.

१९ एप्रिल, बुधवार

आमशा सकाळी आला. नव्या सालाचं धोतर आणि जोडे द्यायचे होते. त्यानं जोडे हातात घेतले आणि तसाच उभा राहिला.

“पाटील, उपरणं पडनं ना?”

“पडलं.”

“तवय मी दगड सोडा. मी बायास्कडे देखंच नही. मी ते उपरणाकडेच देखी ऱ्हायना व्हतू.”

मी म्हणालो, वारा होता आमशा. तो म्हणाला, “हा, वारा व्हई.” आणि गुरं सोडायला गेला. एवढा नेमबाज माणूस, ज्वारीच्या शेतात उडत्या पाखरापुढं दगड टाकून त्याला वळवतो. त्याचा नेम चुकला नव्हता. त्यानं समोरच्या पुरुषांच्या पायांपुढच्या वाळूवर धरला होता, तेवढ्यात ती मुलगी मधे आली. असं तोच सांगतो.

वारा होता का, ते आठवून पाहतोय. मोहाची पानं हलत होती असं वाटतं.

रमिलानं आज पेपर खाली मान घालून एका दमात वाचून टाकला.

२६ एप्रिल, बुधवार

मंगला काल गेली. नऊ दिवस शुद्धीवर आली नाही म्हणे. बावीस वर्षांची होती.

नंदुरबारहून फौजदार आले. तरुण आहेत, घामानं बेजार झाले होते. त्यांनी माझ्याच ओट्यावर माझ्याच माठातलं पाणी पिऊन मला सांगितलं, “पाटील, जागेचा पंचनामा तुम्हीच लिहा, तुम्हाला जागा माहीत आहे.” तेव्हा मी लिहिला. नदीची रुंदी, दोन्ही चिंचांमधलं अंतर, धारेची खोली, वाळूवरचा डाग. पावलं मोजताना गुडघ्यानं जीव काढला. ‘जमावापैकी काहींनी इशारा झाल्याच्या समजुतीने दगडफेक केली’ असं वाक्य घातलं. फौजदारांना ते आवडलं.

त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं? मी म्हणालो, साहेब, वय झालं, नजर अधू आहे, पेपरसुद्धा मुलगी वाचून दाखवते. रमिला दारात ताकाचे पेले घेऊन उभी होती. तिनं पेले खाली ठेवले आणि आत गेली.

आमशाला सोबत नेलं. त्याची गोफण कागदात गुंडाळून लाख लावून नेली. जाताना तो मला म्हणाला, “पाटील, गुरेस्ले पानी दाखाडनं शे अजून.” मी म्हणालो, मी बघतो.

फौजदारांची जीप गेल्यावर गुरांना मीच पाणी दाखवलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

५ मे, शुक्रवार

दिलवरसिंगनं निरोप पाठवला होता की भेटावं, पण दोन्ही गावांत नको. म्हणून आज विसरवाडीला गेलो. तिथं ट्रकवाल्यांच्या गर्दीत दोन म्हातारे कुणाच्या लक्षात येत नाहीत. एका हॉटेलच्या मागच्या बाकावर बसलो. त्यानं भजी मागवली, खाल्ली कुणीच नाहीत.

मला वाटलं होतं भांडायला बोलावलं असेल, कारण मेली त्याच्या गावची मुलगी. पण तो हळू आवाजात म्हणाला, “चुनीलालभाऊ, तुम्हनं उपरणं पडनं, मन्ही काठी उठनी. आपण दोन्ही जर पिंजरामा उभा ऱ्हायनूत ते गाव कोन चालवी?”

मी म्हणालो, फुलवंताबाई काय म्हणते?

“ती काय म्हनी. पोर गयी तिन्ही. पन तिले भी गावमाच ऱ्हावानं शे.”

ठरलं ते असं की इशारा म्हणून काही नव्हतंच. उपरणं नाही, काठी नाही. पोरांनी आपल्या मनानं फेकलं. आमशाला वकील मी देईन. त्यात दिलवरसिंगनं अर्धा वाटा उचलायची तयारी दाखवली, मी नको म्हणालो. उठताना त्यानं माझ्या हाताला धरून उठवलं. तीस वर्षं आम्ही नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहिलो, पण एका बाकावर आज पहिल्यांदा बसलो.

परतीच्या मोटारीत मनात आलं की लढाई संपल्यावर दोन देशांचे मोठे लोक हस्तांदोलन करतात, त्याचे फोटो छापून येतात. रमिला नेहमी विचारते, हे हसतात कशाला. आज मला कळलं असं वाटलं, पण नीट सांगता येणार नाही. मोटार फार हादरत होती.

२४ जून, शनिवार

काचेतला माणूस आता स्वतः बोलायला लागलाय. रोज तेच सांगतो, मी हुकूम पाळला, मी लहान माणूस, ठरवणारे वर होते. रमिला वाचत होती आणि मी अडकित्त्यानं सुपारी कातरत होतो. मी म्हणालो, सगळ्यांना असंच वाटतं की आपण लहान. ती म्हणाली, “आमशा ते खरंच लहान शे.”

मग मी रागावलो. म्हणालो, पुढाऱ्यांवर खटले भरायला निघालं तर राज्य कोण करील? लढाईत हुकूम देणाऱ्याला सगळं कुठं दिसतं? एका चुकीसाठी वरच्याला फाशी द्यायची म्हटलं तर उद्या कुणी हुकूमच देणार नाही आणि सगळीकडं गोंधळ माजेल. शिवाय हे न्यायालय जिंकलेल्यांचं.

ती म्हणाली, “मंग जो जितना, त्यावर कोन खटला भरस? जपानवर ज्यास्नी तो बाँब टाका, त्यास्ले कोन पिंजरामा उभं करस?”

मी म्हणालो, कुणी नाही. म्हणून तर म्हणतो, हा सगळा खेळ आहे.

“एप्रिलमा तुम्ही असं सांगेल नव्हतं, आबा.”

मी अडकित्ता ठेवला. ती पेपराची घडी करत राहिली, चार घड्या घातल्या, मग पुन्हा उलगडला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मंगलानी मन्हावर गानं म्हनं, तवय तुम्ही कोनाकडे देखी ऱ्हायना व्हतात? तुम्हले लांबनं चांगलं दिखस.”

मी अडकित्ता उचलून पुन्हा सुपारी कातरायला घेतली. गाणं इथं लिहून ठेवतो, मग विसरायला बरं. मंगला हातात गौराईचं टोपलं घेऊन पाण्याच्या धारेपर्यंत आली होती, आणि तिच्यामागं साऱ्या जणी गाण्याची ओळ ओढत होत्या: गावना न्याय करस बुद्रुकना पाटील, पोर बठेल घरमा, तिले कोन नेई?

आमच्या काठावरच्या बायकाही हसल्या होत्या. रमिला त्यांच्यातच उभी होती. आखाजीची शिवी मनात धरायची नसते.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आमशाची बायको बेबीबाई आता त्याच्या जागी येते. शेणगोठा करते, गुरं सोडते, माझ्याशी बोलत नाही. तिच्याकडं मी एकदाच पाहून म्हणालो, वकील चांगला आहे, काळजी करू नकोस. ती म्हणाली, “जी.” एवढंच. हे ‘जी’ ती माझ्या बैलांनाही म्हणत असेल.

खटला नंदुरबारहून धुळ्याला वर गेला. डिसेंबरात तारीख लागेल.

पाटीलकी जाणार अशी कुजबुज तहसिलीत आहे. कायदा येतोय म्हणे, वतनं बंद. येऊ दे. मला आता चावडीचा जिना चढवत नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार, धुळे

धर्मशाळेत बसून लिहितोय. दुपारी साक्ष झाली.

काल घरून निघतानाच मी ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. वाटेत दोनदा मनाशी वाक्यं जुळवली. परवाच्या पेपरात होतं, त्या जर्मन माणसाला फाशी सुनावली. हुकूम पाळला म्हणून सुटका नाही, असं न्यायाधीश म्हणाले. रमिलानं ते दोनदा वाचलं, मला वाटतं मुद्दाम वाचलं. मग मी तिला म्हणालो, मी धुळ्याला सांगेन. तिनं माझ्या पिशवीत दशम्या बांधून दिल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.

पण इथं आल्यावर न्यायालयाच्या आवारात सगळीकडं गोव्याचीच चर्चा. आपल्या फौजा शिरल्या, पणजी घेतली, वकील एकमेकांना पेढे देत होते. एका वकिलानं मलाही पेढा दिला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, पाटील, आज आनंदाचा दिवस. मला आनंद झालाही. पेढा तोंडात होता तेव्हाच पुकारा झाला.

आमशा पिंजऱ्यात उभा होता. हडकलाय. अंगावर मी दिलेलं सालाचं धोतरच होतं.

त्याच्या वकिलानं, म्हणजे मीच लावलेल्या वकिलानं मला विचारलं, “पाटील, दगडफेकीला इशारा देण्याची गावात प्रथा आहे का? त्या दिवशी इशारा कुणी दिला?”

मी म्हणालो, “साहेब, वारा होता. उपरणं खांद्यावरून घसरलं.”

“बायका अजून वाळूत आहेत हे तुम्हाला दिसत होतं?”

“माझी नजर अधू आहे.”

सरकारी वकील उठला, “आरोपी तुमचा नोकर ना?” मी म्हणालो, त्या दिवशी आखाजी, साल संपलेलं, तो त्या दिवशी कुणाचाच नोकर नव्हता. न्यायाधीशांनी ही प्रथा नीट समजावून घेतली. त्यांना ती आवडली असावी, कारण त्यांनी ती स्वतः हातानं लिहून घेतली.

शेवटी आमशाला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो म्हणाला, “पाटीलनी सांगं तेच खरं.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असायला हवा होता.

दशम्या तशाच आहेत. भूक नाही.

२३ डिसेंबर, शनिवार

आमशाला पाच वर्षं सक्तमजुरी. न्यायाधीशांनी म्हटलं, कुणाच्याही हुकमाशिवाय, केवळ उन्मादानं त्यानं बायकांच्या दिशेनं दगड सोडला. वकील म्हणतो, मुंबईला हायकोर्टात अपील करू.

घरी आलो. मोटारीतल्या लोकांकडून रमिलाला सगळं कळलेलं होतं. पेपर आला होता. मी म्हणालो, वाच. तिनं तो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही वाचा आबा. तुम्हनी नजर अधू शे ना.”

तेव्हापासून पेपर नुसते साठताहेत.

७ मे १९६२, सोमवार, आखाजी

चार महिने या वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. घडलं असेल तर मला वाचून कुणी दाखवलं नाही.

तालुक्यानं यंदा दगडफेक सक्त बंद केली आहे. दोन शिपाई चिंचेखाली बसवले होते. गौराई बोळवायला मात्र परवानगी होती. कुणी बोलावलं नसताना मी गेलो. उपरणं घरीच ठेवलं. खांदा फार उघडा वाटत होता.

आमच्या बायका या काठावर होत्या, रमिला त्यांच्यात नव्हती. पलीकडून खुर्दच्या बायका उतरल्या. पुढं फुलवंताबाई. मागच्या आखाजीनंतर गेलेल्यासाठी या सणाला नवी घागर भरतात, तशी मंगलासाठी भरून मग ती नदीवर आली असणार. मी काठ उतरून वाळूत गेलो. इतक्या वर्षांत आखाजीला मी कधी वाळूत उतरलो नव्हतो, पाटील वरच उभा असतो. धारेपाशी जाऊन उभा राहिलो.

मला वाटत होतं आता त्या सुरू करतील. मी तयारीनं गेलो होतो. आजची शिवी मनात धरायची नसते, आणि मला ती हवी होती. खरं सांगायचं तर मी भुकेल्यासारखा उभा होतो. पोरीला मारणारा म्हणा, खोटारडा म्हणा, बापजाद्यांचा उद्धार करा. तेवढं झालं की झालं, असं मनात होतं.

कुणी तोंड उघडलं नाही. गाणं नाही, शिवी नाही, हसणं नाही. खुर्दच्या चाळीस बायकांनी गौराई पाण्यात सोडल्या आणि टोपल्या झटकून मागं फिरल्या. आमच्या बायकाही गप्प. नदीवर एवढी शांतता मी जन्मात ऐकली नाही.

मीच हाक मारली. “फुलवंताबाई, काहीतरी बोल.”

ती थांबली. ओल्या हातांनी पदर सारखा केला आणि म्हणाली, “शिवी आपला मानूसले देतस, पाटील.”

मग ती चढून गेली. मी तिथंच उभा राहिलो. शेवटी शिपायांपैकी एकजण खाली आला आणि मला हाताला धरून वर घेऊन गेला. सरकारी वहीत काय लिहायचं ते सुचलं नाही. पान कोरं ठेवलंय. नाहीतरी गेल्या साली लिहिलेलं वाक्य त्याच वहीत मागच्या पानांत आहे.

९ मे, बुधवार

काल धुळ्याला जाऊन वकिलाला भेटून आलो. त्याला म्हणालो, साक्षीत मी खोटं बोललो, आता लिहून देतो. त्यानं चष्मा काढला. म्हणाला, अपिलात याचा उपयोग होऊ शकतो, आमशाची सजा कमी होईल, कदाचित सुटेलही. पण पाटील, खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावर येईल, आणि इशाऱ्याबद्दल आणखी काय काय येईल ते मी आज सांगू शकत नाही. मी म्हणालो, येऊ दे. वकील म्हणाला, तुमच्या वयाच्या माणसाला कोर्ट सांभाळून घेतं. मला त्याचा राग आला. सांभाळूनच घेतलं आहे आजवर.

त्या जर्मन माणसाचंही अपील अजून लटकलं आहे, असं मोटारीत कुणीतरी सांगत होतं. मोठ्या पुढाऱ्यांवर खटले भरावेत की नाही हे आता मला चावडीवर कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी दोन्ही बाजूंनी बोलून बसलोय. एवढं मात्र कळलं की पिंजऱ्याबाहेर राहिलेल्या माणसाला घरी जायला जागा लागते, आणि ती राहत नाही.

आज सकाळपासून लिहीत होतो. चार कागद फाडले. प्रत्येक वेळी वारा मधे येत होता. पाचवा कागद असा झाला. वकिलाकडं पाठवण्याआधी त्याची नक्कल इथं ठेवतो.

‘मी, बुद्रुकचा पोलीस पाटील चुनीलाल, शपथेवर लिहून देतो की गेल्या साली आखाजीला नदीवर वारा नव्हता. माझी लांबची नजर उत्तम आहे. खुर्दच्या बायका अजून वाळूत होत्या आणि त्या मला दिसत होत्या. मंगला पाण्याच्या धारेपाशी उभी राहून माझ्या मुलीवर गाणं म्हणत होती, तीही मला दिसत होती. मला संताप आला आणि मी उपरणं झटकलं. आमशा फक्त माझ्या उपरण्याकडं पाहत होता. त्यानं मी सांगितलं ते केलं. त्या दिवशी तो माझाच गडी होता.’

कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो. रमिला भाकरी करत होती. म्हणालो, “पोरी, एवढं वाचून दाखव. माझंच अक्षर आहे, पण मला नीट दिसत नाहीये.” तिनं पीठ लागलेले हात पुसले आणि कागद घेतला. पेपर वाचायची तशी मोठ्यानं वाचायला लागली. स्वतःवरच्या गाण्यापाशी आली तेव्हा थांबेल असं वाटलं. ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाचलं. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उलटली नाही.

मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, “सही बाकी शे, आबा.”

सही केली.